नाही म्हणायचा तास

दर बुधवारी दुपारी दोन वाजता कॉलेजच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत बारा खुर्च्या गोल मांडलेल्या असत. त्यातल्या एकीवर बारकी बसलेली असे आणि बाकीच्या अकरा खुर्च्या मन लावून ऐकत.

ज्यांच्या घरातलं आजवर कोणीही कॉलेजची पायरी चढलेलं नाही अशा मुलांसाठी ही मार्गदर्शन योजना होती. ती ज्या सरांकडे होती ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मला तुम्ही सर समजू नका. मी दीपस्तंभ आहे." मुलांनी ही सूचना तंतोतंत पाळली. त्या दिवसापासून सगळं कॉलेज त्यांना पाठीमागे दीपस्तंभ म्हणू लागलं; अगदी शिपाईमामासुद्धा, आणि तेही आदरानं.

त्या पहिल्या बुधवारी बाराही जण आले होते. चहा प्यायले, क्रीमची बिस्किटं संपवली आणि वसतिगृहात परत गेल्यावर त्यांनी वरच्या वर्गातल्या पोरांना विचारलं, की ही काय भानगड आहे? वरच्या वर्गातल्यांनी समजावलं, की ज्या नोटिशीखाली ‘जमल्यास उपस्थित राहावे’ असं लिहिलेलं असतं तिथे कोणी जात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. अकरा जणांना त्या संध्याकाळी माहीत झालं. बारकी वसतिगृहात राहत नव्हती. कॉलेज सुटलं की ती थेट दुकानात जायची, आणि दुकानात तिला हे सांगेल असं कोणी नव्हतं.

दुकान सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवून देण्याचं होतं. तिचे बाबा दिवसभर तोंडात बारीक खिळे धरून काम करत, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं ‘हं’ आणि ‘अंहं’ एवढ्यात भागे. आई मशीनवर कव्हरं शिवे. घरादाराचं उरलेलं सगळं बोलणं आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, एकहाती उरके. गिऱ्हाइकांना बसवणं, कापडाचे नमुने दाखवणं, सोफा अजून उघडा पडलेला असताना "झालाच म्हणून समजा, परवा घेऊन जा" असं हसत सांगणं हे सगळं तिच्याकडे. नोटिशीचा अर्थही तिनंच लावला.

"सरांनी ‘राहावे’ असं लिहिलंय ना? मग राहायचं," आत्या म्हणाली. "‘जमल्यास’ हा त्यांचा मोठेपणा. आपण जमवायचं."

"हं," बाबा म्हणाले.

अडचण एकच होती. बुधवारी दुपारी दोनलाच बारकीचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल असे.

बारकीला मात्र ही अडचण वाटलीच नाही. ती ज्या घरात वाढली तिथे बाबांनी सुतळी आणायला पिटाळलं म्हणून आई कधी "मशीन सोडून कुठं उलथली होतीस?" असं विचारत नसे. पाठवणारे आणि शोधणारे एकाच छपराखाली असत, आणि एकमेकांना ओरडून सांगत. कॉलेज हे असंच, फक्त जरा मोठं घर असणार, असा तिचा समज होता. एका सरांनी बोलावून घेतलं म्हणजे बाकीच्यांना ते कळलेलं असणारच. टाइमटेबल लावणारे आणि मार्गदर्शन करणारे दुपारच्या डब्याला तरी एकत्र बसत असतील! ते दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत, ही गोष्ट तिला कोणी सांगितली असती तर तिला वाटलं असतं, की त्यांचं भांडण झालंय.

तेव्हा बारकी मन लावून मार्गदर्शन घेत राहिली. ‘ध्येयाची शिडी’ झालं. ‘स्वतःशी संवाद’ झालं. ‘वेळेचं नियोजन’ या सत्रात सरांनी तिला कागदावर चौकोन आखून आठवडा भरायला सांगितला. बुधवारी दोनच्या चौकोनात तिनं प्रामाणिकपणे दोन गोष्टी लिहिल्या, प्रॅक्टिकल आणि मार्गदर्शन. सरांनी कागद हातात धरला, लांबून पाहिला, जवळून पाहिला आणि म्हणाले, "वा! भरगच्च! असा आठवडा पाहिजे."

सर माणूस वाईट नव्हते. बारकी दारात दिसली, की त्यांचा चेहरा असा काही उजळे, की तिला उगीचच उशीर झाल्यासारखं वाटे. विद्यार्थ्यांना अहो-जाहो केलं की त्यांचा आत्मविश्वास वाढतो असं ते कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून आले होते, त्यामुळे ते तिला "या, बसा, जेवलात का?" असं विचारत. बारकीला आजवर ‘जेवलात का’ असं कोणी विचारलं नव्हतं. घरी तिला ‘गिळलंस का’ असं विचारत, आणि तेही प्रेमानंच. शिवाय बारापैकी एकटीच येत असल्यामुळे ती केवळ विद्यार्थिनी राहिली नव्हती. ती उपस्थिती होती. ती आली नाही तर त्या दिवशी योजनाच आली नाही असं झालं असतं.

परीक्षा जवळ आली तेव्हा लॅबच्या बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं. या बाई पातळ अंगाच्या, जाड आवाजाच्या होत्या आणि हातावर ॲसिडचे जुने डाग मिरवत.

"ए, तू! तू जिवंत आहेस होय? मला वाटलं कॉलेज सोडलंस."

"नाही बाई, रोज येते."

"रोज येतेस आणि बुधवारी कुठे मरतेस?"

"मार्गदर्शनाला असते, बाई."

"कसलं मार्गदर्शन?"

बारकीनं खरं तेच सांगितलं. "वेळेचं नियोजन."

बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचा आवाज थोडा खाली आला होता, आणि ते जास्त भीतिदायक होतं. "हे बघ. अर्ध्या सत्रापासूनचे तुझे प्रयोग राहिलेत. जर्नल पूर्ण नाही त्याला मी परीक्षेला बसू देत नाही, हा नियम माझा नाही, पण पाळते मीच. बसली नाहीस की वर्ष गेलं. शेवटच्या बुधवारी दोन ते पाच लॅब उघडी ठेवते. एकटीनं सगळं करायचं, जोडीदार मिळणार नाही. केलंस तर सही. नाही केलंस तर पुढच्या वर्षी भेटू."

"पण बाई, तुम्हाला सरांनी सांगितलं नव्हतं?"

"कुठल्या सरांनी?"

"दीपस्तंभांनी."

बाईंनी विचारलं, "ते कोण?"

वर्ष जाईल ही भीती बारकीला लगेच वाटली नाही. ती अर्ध्या तासानं वाटली. आधी तिला कळलं, की हे घर नाही. ही नुसती एका आवारातली माणसं आहेत.

आणि शेवटच्या बुधवारी दोन वाजता योजनेच्या मूल्यमापनाची समिती येणार होती. ‘मार्गदर्शनाने मला काय दिले’ या विषयावर लाभार्थी विद्यार्थिनी बोलणार होती. लाभार्थी एकच होती.

संध्याकाळी तिनं दुकानात विषय काढला. आत्या एका गिऱ्हाइकाला मरून रंगाचं रेक्झिन दाखवत होती आणि त्याबरोबर भाचीही दाखवत होती.

"ही आमची बारकी. बुधवारी कमिटीसमोर भाषण आहे हिचं. बाहेरून माणसं येणारेत ऐकायला. मीही जाणार आहे."

गिऱ्हाईक गेल्यावर बारकी म्हणाली, "आत्या, मला जमायचं नाही. त्याच वेळेला माझं प्रॅक्टिकल आहे. नाही केलं तर परीक्षेला बसता येणार नाही."

"अगं, मग सर बघतील ना! एवढी कमिटी बोलावणारा माणूस. त्याला एक प्रॅक्टिकल जड आहे?"

"लॅबच्या बाई त्यांना ओळखतसुद्धा नाहीत."

"एका कॉलेजात राहून? छे! रुसवा असेल काहीतरी."

"आत्या, रुसवा नाही. तिथे तसंच असतं."

"मला नको शिकवूस. शेजारच्या दुकानवाल्याशी मी बोलत नाही, म्हणून मी त्याला ओळखत नाही होय?"

तेवढ्यात ठोकण्याचा आवाज थांबला. बाबांनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. मशीन थांबलं. आत्यासुद्धा गप्प झाली, कारण खिळे काढून बाबा शेवटचं कधी बोलले होते ते कोणाला आठवत नव्हतं.

"सरांना सांग," बाबा म्हणाले, आणि खिळे परत तोंडात ठेवले.

सांगायचं कसं, याचीही सोय योजनेत होती. समितीच्या आधीच्या बुधवारी सत्राचा विषयच होता: ‘ठामपणे नाही म्हणायला शिका.’ बारकीला वाटलं, आता देव पावला.

"आपल्यासारख्या पार्श्वभूमीतून आलेल्या मुलांना," सर अकरा खुर्च्यांना आणि बारकीला म्हणाले, "नाही म्हणता येत नाही. मोठ्यांनी सांगितलं, की मान डोलवायची. इथेच घात होतो! आपल्या हिताचं नसेल तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून, शांतपणे, कारण देऊन नाही म्हणायचं. कळलं? चला, सराव करू. मी कोणी मोठा माणूस आहे आणि तुम्हाला काही सांगतोय. तुम्ही नाही म्हणा."

बारकी उठून उभी राहिली. तिनं सरांच्या डोळ्यांत पाहिलं.

"सर, पुढच्या बुधवारी मी समितीसमोर येणार नाही."

"वा!" सर म्हणाले. "उदाहरणही किती जवळचं घेतलंत. पण आवाज अजून थोडा ठाम हवा. आणि कारण?"

"त्या वेळेला माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. ते केलं नाही तर माझं वर्ष जाईल."

"उत्तम! अगदी खरं वाटतंय. आता मी आग्रह करतो हं." सरांनी घसा खाकरला आणि कोणी मोठा माणूस झाले. "अहो, असं कसं चालेल? समिती तुमच्यासाठी येते आहे."

"सर, खरंच येणार नाही."

"मी रागावतो आहे असं समजा."

"रागावलात तरी येणार नाही सर. माझं वर्ष जाईल." बारकीचा आवाज आता खरोखर थरथरत होता.

सरांनी टाळ्या वाजवल्या. मोकळ्या खोलीत त्या फार मोठ्या वाटल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. पहिल्या बुधवारी स्वतःचं आडनाव सांगताना अडखळणारी मुलगी आज दीपस्तंभाला तोंडावर नाही म्हणत होती. माणसानं आयुष्यात आणखी काय मिळवायचं?

"हेच, अगदी हेच, तुम्ही बुधवारी समितीसमोर करून दाखवायचं," ते म्हणाले. "दोन वाजता. थोडं आधी आलात तर बरं."

बारकी खाली आली ती जिन्यातच बसली. तिच्या वर्गातली डॉक्टरीण तिथेच डबा खात होती. तिचे आईबाप दोघेही डॉक्टर, म्हणून ती डॉक्टरीण. तिला स्वतःला बेडूक बघितला तरी घेरी येई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसता हसता तिला ठसका लागला.

"अगं बये, तू खरं बोलायला गेलीस कशाला?"

"मग काय करू?"

"हो म्हणायचं आणि जायचं नाही."

"असं कसं?"

"असंच. शिकलेल्या घरांत ‘नाही’ असं कोणी म्हणत नाही गं. माझी आई बाबांच्या बहिणीला गेली चार वर्षं ‘या रविवारी नक्की येते’ म्हणतेय. दोघींचं इतकं छान पटतं."

"आणि सर वाट बघत बसतील त्याचं काय?"

"बघतात, मग चहा पितात. तू कधी कोणाला खोटं हो म्हणाली नाहीस?"

बारकी ‘नाही’ म्हणणार होती, पण थांबली. ज्या घरात तिनं जन्म काढला त्या घराचा सगळा चरितार्थ ‘परवा घेऊन जा’ यावर चालला होता. कॉलेजात येताना हे सगळं खाली ठेवून यायचं असतं, असं मात्र तिला वाटलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी, आत्या बाहेर टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत असताना, तिनं दुकानात जाहीर केलं, "मी उद्या लॅबमध्ये जाणार आहे."

"हं," बाबा म्हणाले.

"आत्याला मी सांगते," आई म्हणाली. आईनं आत्याला सांगितलं नाही. ती विसरली, असं तिनं नंतर सांगितलं, आणि ती इतक्या वर्षांत दुसरं काहीही विसरलेली नसल्यामुळे सगळ्यांनी ते मान्य केलं.

बुधवारी सकाळी सर फाटकापाशीच भेटले. नवा शर्ट, त्याला दुकानातली घडी तशीच.

"येताय ना?"

"हो सर, येतेच," बारकी म्हणाली. शब्द इतके सहज सुटले, की आपण आत्यासारखं हसलो, हे तिला पुढे गेल्यावर कळलं.

दोन वाजता ती लॅबमध्ये ब्युरेटच्या काचनळीसमोर उभी राहिली. वरून थेंब थेंब सोडायचा, खाली बाटली हलवत राहायची, आणि पाणी गुलाबी होतं-न होतं तिथे हात थांबवायचा. फिकट गुलाबी म्हणजे बरोबर. गडद गुलाबी म्हणजे एक थेंब जास्त, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाई टेबलाशी बसून पेपर तपासत होत्या आणि मान वर न करता सगळं बघत होत्या.

पहिला प्रयोग जमला. दुसरा चालू असताना शिपाईमामा दारात आले.

"दीपस्तंभांनी बोलावलंय. कमिटी आलीये."

"येतेच म्हणावं, मामा," बारकी थेंबावरची नजर न काढता म्हणाली.

मामा गेले. तिसऱ्या प्रयोगाच्या वेळी परत आले. "कमिटीचा चहा झाला. दुसऱ्यांदा झाला."

"निघालेच म्हणावं."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, ब्युरेटकडे पाहिलं, आणि परत जिना चढले. बारकीचे कान लाल झाले होते. वर ते नव्या शर्टात दाराकडे बघत असतील. तिला एकदा वाटलं, की नळी बंद करावी आणि धावत जावं. धावत गेलं तर अजूनही पोहोचता येईल. हात मात्र नळीवरच राहिला.

शेवटच्या प्रयोगात रंग येण्याच्या बेतात होता तेव्हा मामा तिसऱ्यांदा आले. या वेळी त्यांचा आवाज निराळा होता.

"पोरी, तुझी आत्या बोलायला उभी राहिलीये."

बारकीचा हात हलला. बाटलीतलं पाणी गुलाबी झालं, लाल झालं आणि जवळजवळ मरून झालं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय झालं?"

"बाई, माझी आत्या वर कमिटीसमोर बोलतेय."

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल बोलू शकते, बाई."

"तू जाऊन थांबवू शकतेस?"

बारकीनं खरोखर विचार केला. "नाही. आजवर कोणी थांबवलेलं नाही."

"मग बाटली धू," बाई म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघून पेपरांत डोकं घातलं. "पुन्हा भर."

तिनं पुन्हा भरलं. या खेपेला तिनं श्वाससुद्धा मोजून सोडला. पाणी हललं, फिरलं, आणि त्यात इतका पुसट गुलाबी रंग आला, की तो आहे की आपल्याला वाटतोय हे कळेना. बाईंनी बाटली पांढऱ्या कागदावर धरून पाहिली, जर्नल ओढलं आणि सही केली. "एवढं येत होतं तर वरती काय शिकायला जात होतीस?" त्या म्हणाल्या, पण उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

ती जिने चढून वर गेली तेव्हा समिती निघून गेली होती. बारा खुर्च्यांपैकी दोन भरलेल्या होत्या. एकीवर सर होते. दुसरीवर ठेवणीतले कपडे घातलेली आत्या पाय पसरून बसली होती आणि क्रीमच्या बिस्किटाचे दोन भाग करून आधी क्रीम खात होती.

"आलीस? कुठे होतीस गं? बिचारे सर घामाघूम झाले होते. शेवटी मीच म्हटलं, की मी बोलू का?"

"काय बोललीस?"

"खरं तेच. म्हटलं, मला सातवीतून काढलं, कारण कव्हरं शिवायला माणूस कमी होतं. मला कोणी मार्गदर्शन केलं नाही. केलं असतं तर मी ऐकलं असतं की नाही, ते माहीत नाही. पण विचारायला तरी हवं होतं कोणीतरी." आत्यानं बिस्किटाचा उरलेला भाग बशीत ठेवला. "ती चष्मेवाली बाई रडायला लागली. मग मलाही आलं थोडं."

"समितीनं योजना आणखी तीन वर्षांसाठी वाढवली," सर म्हणाले. ते अजून आश्चर्यातून पुरते बाहेर आलेले नव्हते. "‘घरापर्यंत पोहोचलेला उपक्रम’ असं लिहून गेले." मग त्यांना आठवलं. "पण तुम्ही होतात कुठे?"

"लॅबमध्ये, सर. प्रॅक्टिकल होतं. दर बुधवारी याच वेळेला असतं."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं, सर. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

हळूहळू सरांच्या चेहऱ्यावर मागचा बुधवार उगवला. ते एकदा तिच्याकडे आणि एकदा रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "झालं का? सगळं?"

"झालं. सही मिळाली. परीक्षेला बसता येईल."

"जेवलात का?"

बारकीला उगीचच भरून आलं. "नाही, सर."

सरांनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. पण अशा विषयात फार वेळ राहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते आत्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा पुन्हा उजळला.

"तर ठरलं. तुम्ही बाहेरून दहावीची परीक्षा द्यायची आणि योजनेत यायचं. दर बुधवारी दोन वाजता."

"बुधवार नाही जमायचा हो," आत्या क्रीम चाटत म्हणाली. "बुधवारी फोमचा टेम्पो येतो."

"मग गुरुवार?"

"गुरुवार चालेल. पण तीनला."

"तीनला," सरांनी लगेच मान्य केलं.

बारकी बशीत हात घालून तशीच राहिली. अर्धं सत्र, एक चौकोन आखलेला आठवडा आणि नाही म्हणायचा आख्खा एक तास खर्चून जे तिला जमलं नव्हतं ते फोमच्या टेम्पोनं एका दमात केलं होतं.

"सर, गुरुवारी माझं फिजिक्सचं प्रॅक्टिकल असतं," ती घाईघाईनं म्हणाली. या वेळी आवाज पुरेसा ठाम होता.

"असू दे की!" सर मोठ्या मायेनं म्हणाले. "तुमचं मार्गदर्शन पूर्ण झालं. तुम्ही आता आमची यशोगाथा. यशोगाथेनं स्वतः यायची गरज नसते."

सुटलो, असं बारकीला वाटायला हवं होतं. वाटलंही. आणि त्याच्या जोडीला, कोणीतरी आपली खुर्ची आपल्या देखत दुसऱ्याला दिली, असंही वाटलं. ती खुर्ची तिनं पुरं अर्धं सत्र सांभाळली होती. तिच्यावर बसताना आपलं वर्ष बुडत चाललंय हे माहीत नव्हतं तेव्हा ती तिला फार आवडायची.

"आत्या, निघायचं?"

"तू हो पुढे," आत्या पदर खोचल्यासारखी सरसावून बसत म्हणाली. "वहिनीला सांग, मला उशीर होईल. आम्हाला अजून माझं ध्येय ठरवायचंय."

"शिडीपासून सुरुवात करू," सर म्हणाले आणि कागद पुढे ओढला.

बारकीनं आणखी एक बिस्किट उचललं, जर्नल छातीशी धरलं आणि दार बाहेरून हळूच ओढून घेतलं. परीक्षेला थोडेच दिवस होते.